रविवारच्या फीस्टला पावभाजी कुणी उभी केली? सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या खानावळीचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. खानावळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, साडेआठनंतर गेलं की आधीच जिन्यात उभं राहावं लागतंय, त्यात तुम्ही पण आलात तर माझीच भाकरी जायची. सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर अक्काची खानावळ, ज्याला कळायचं त्याला कळलं. मी मूळचा करमाळ्याचा, इथं औषधाच्या एका होलसेलरकडं अकाउंट बघतो, दोन वर्षं झाली दोन्ही टाइम इथंच जेवतोय, महिन्याला २८०० रुपये. त्यामुळं हा एकदा जाऊन ताटाचा फोटो काढून टाकलेला रिव्ह्यू नाही एवढं लक्षात घ्या.

आधी जेवणाचं, कारण निम्मे लोक तेवढंच वाचून जाणार. भाकरी एक नंबर. मालदांडी ज्वारीचं पीठ, हाताखाली दोन बायका आहेत पण अक्का त्यांना चपात्या लाटू देते, भाकरीला हात लावू देत नाही. तव्यावरून काढून जाळावर धरली की टम्म फुगते, मग अक्का पापुद्रा बोटानं फोडून आत तेल आणि शेंगा चटणी सोडते, पण हे मागावं लागतं बरं का, आपणहून कुणी देत नाही, नवीन माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतोय. चटणी उखळातली, तेल सुटलेली, मिक्सरचा भुगा नाही. डब्यात कडक भाकरी कायम असते, उशीर झाला तर तीच आमटीत मोडायची. भाज्या ठीक, गवार सोडून.

आता कापलेले दीड स्टार. भात. तांदूळ कुठला आणतात माहीत नाही पण रात्री साडेआठनंतर त्याचा गोळा होतो, वाटी उलटी केली तर इडली निघते. दुसरं पाणी. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे अक्काच्या हातात नाही मान्य, जार आणते बिचारी, पण एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३-४४ डिग्री असताना नऊच्या पंगतीला जार रिकामा म्हणजे काय. तिसरं म्हणजे अक्काचा पोरगा. गल्ल्यावर बसून मोबाईलमध्ये डोकं, पैसे पाठवलेले दाखवले तरी मान वर करत नाही, आणि महिनाअखेरीला मात्र सगळ्यांसमोर ओरडून विचारतो तुमचं राहिलंय का म्हणून.

पण मला खरं लिहायचंय ते रविवारच्या फीस्टबद्दल.

भिंतीवर एक व्हाइटबोर्ड आहे, खालच्या झेरॉक्सवाल्यानं टाकून दिलेला. गुरुवारपर्यंत पदार्थांची नावं सुचवायची, शनिवारी रात्री जेवून हात धुतला की आपल्या पदार्थाखाली एक रेघ मारायची, ज्याच्या रेघा जास्त ते रविवारी दुपारी. आम्ही एकूण ४६ मेंबर. खानावळ शुद्ध शाकाहारी त्यामुळं चिकन-मटणाचं भांडण नाही, पण माणसं जमली की दोन पक्ष पडणारच, इथं तिखटवाले आणि गोडवाले. तिखटवाल्यांची बाजार आमटी आणि भाकरी, गोडवाल्यांची पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. बाजार आमटी बाहेरच्यांना माहीत नसेल तर, चार-पाच डाळी एकत्र, मसाला हात सोडून, वर बोटभर तर्री, भाकरी कुस्करून त्यात बुडवायची आणि घाम पुसत खायची. तिखटवाले कायम थोडे पुढं, २५-२१, २६-२०, असं वर्षभर चाललं होतं. मी तिखटवाला, ते आधीच सांगून टाकतो.

मग एका गुरुवारी डिप्लोमाच्या एका पोरानं बोर्डावर तिसरं नाव लिहिलं, पावभाजी. शनिवारी रात्री रेघा मोजल्या तर पुरणपोळी १९, बाजार आमटी १५, पावभाजी १२. अक्कानं हरभऱ्याची डाळ भिजत घातली आणि तिखटवाल्यांनी त्या पोराला जिन्यात धरलं. काय बे, तुझ्यामुळं आमटी गेली, गोडवाल्यांनी पैसे दिले का तुला, वगैरे. ते पोरगं पण खमकं. म्हणालं, मी काय तुमच्या ताटातलं ओढून घेतलं का, मला पावभाजी खायचीय मी पावभाजी लिहिली, तुमची आमटी चांगली असती तर बारा जणांनी तिलाच रेघ मारली असती की.

इथून विषय पेटला. आमच्यात एमपीएससी करणारी सात-आठ पोरं आहेत, त्यातला एक म्हणाला, हे म्हणजे २०१९ चं सोलापूर झालं. आणि कोपऱ्यात एकटे जेवणारे रिटायर्ड गुरुजी आहेत, भूगोल शिकवायचे, काकू गेल्यापासून इथं येतात, ते ताटातून मान वर न करता म्हणाले, सोलापूर नाही रे, हे २००० चं फ्लोरिडा आहे. त्या दिवसापासून पावभाजीवाल्याचं नाव नेडर पडलं ते आजपर्यंत. त्याच्या आईचा फोन आला तरी पोरं म्हणतात, काकू, नेडर अंघोळीला गेलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर निवडून येत नाही. तिथं राज्याराज्याला ठरलेली इलेक्टोरल मतं असतात, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात, आणि मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक जरी मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. म्हणजे आमचा व्हाइटबोर्डच, फक्त पन्नास खानावळींत एकाच वेळी लावलेला. २००० साली रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं वरचढ, पण सगळं येऊन अडकलं फ्लोरिडावर, तिथली २५ मतं ज्याला मिळतील तो राष्ट्राध्यक्ष. बुश फ्लोरिडात जिंकले ५३७ मतांनी. हो, पाचशे सदतीस, आपल्याकडं सोसायटीच्या इलेक्शनला याच्यापेक्षा मोठं लीड असतं. आणि ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना तिथं ९७,४८८ मतं. गोरवाल्यांनी नेडरना जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

आपल्याकडं याला सरळ शब्द आहे, मतं खाल्ली. आणि २०१९ ला सोलापूर लोकसभेत तेच म्हणलं गेलं, चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या कँटीनपर्यंत. भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी ५,२४,९८५, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे ३,६६,३७७, वंचितचे प्रकाश आंबेडकर १,७०,००७. फरक १,५८,६०८. तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त, झालं, हिशोब बंद, आंबेडकरांनी शिंदेंना पाडलं. मी पण सहा वर्षं हेच बोलत होतो.

पण माझा धंदा हिशोबाचा. त्या रविवारी पुरणपोळी खाऊन सुस्ती आली होती, तरी खानावळीच्या पावतीमागं पेन काढून बसलो. प्रश्न असा की तिसऱ्याच्या शंभर मतदारांतले किती जण नक्की दुसऱ्याकडं गेले असते तर निकाल बदलला असता. सोलापूरचा आकडा काढला, बाकीचे घरी बसले असं धरलं तरी १ लाख ७० हजारांतले शंभरात ९३-९४ जण शिंदेंनाच जायला पाहिजेत. आणि घरी न बसता उरलेले भाजपला गेले असं धरलं तर जवळजवळ ९७. असं कुठं असतं का? आमच्या खानावळीत ९४ टक्के लोकांचं मिठावर पण एकमत होत नाही.

त्यात अजून एक गोष्ट, जी त्या एमपीएससीवाल्यानंच मोबाईलवर काढून दाखवली. २०१४ ला आंबेडकर इथं उभेच नव्हते, तेव्हा शिंदे यांना ३,६८,२०५ आणि भाजपचे शरद बनसोडे यांना ५,१७,८७९. म्हणजे २०१९ ला शिंदेंची मतं दोन हजारसुद्धा कमी झाली नाहीत, जेवढी होती तेवढीच राहिली. मग खाल्ली ती कुणाची? आता दोन निवडणुकांत मतदार बदलतात, नवीन पोरं येतात, नुसत्या बेरजेवरून कोण कुठून कुठं गेलं हे कळत नाही, हे मला पण कळतं. पण वंचित म्हणजे भाजपची बी टीम, बी टीम म्हणून जेवढ्या खात्रीनं लोक बोलतात तेवढी खात्री या आकड्यांत नाही. २०२४ ला वंचितच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतला आणि प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी आल्या, ते बघून लोक म्हणाले बघा सिद्ध झालं. बाबांनो, मधल्या पाच वर्षांत भाजपचा उमेदवार बदलला, दोन पक्ष फुटले, वारं बदललं, सगळं सोडून एवढंच कसं काय सिद्ध झालं.

आता तोच हिशोब फ्लोरिडाला लावा. ९७,४८८ मतं आणि फरक ५३७. नेडरच्या शंभर मतदारांत गोरकडं जाणारे बुशकडं जाणाऱ्यांपेक्षा एकानं जरी जास्त असते तरी गोर राष्ट्राध्यक्ष. एकानं! इथं मात्र सुटका नाही. नंतर दोन संशोधकांनी फ्लोरिडातल्या खऱ्या मतपत्रिका तपासल्या, नेडरला मत देणाऱ्यांनी बाकीच्या पदांना कुणाला मतं दिली ते बघितलं, तर साधारण ६० टक्के गोरकडं झुकलेले आणि ४० टक्के बुशकडं. लोकांना वाटतं तसे नेडरचे सगळे मतदार गोरच्या खिशातले नव्हतेच. पण ६०-४० सुद्धा ५३७ साठी खूप झालं. म्हणजे सोलापूरवाला आरोप कच्चा आणि फ्लोरिडावाला पक्का, आणि दोन्हीकडं लोक एकाच सुरात ओरडतात.

नेडर (आमचा, डिप्लोमाचा) यावर काय म्हणाला ते पण लिहितो, कारण त्यात दम होता. त्यानं गुगल करून आणलं की फ्लोरिडात मतपत्रिकेवर अजून सात किरकोळ उमेदवार होते आणि त्यातल्या शेवटच्याला पण ५३७ पेक्षा जास्त मतं आहेत. मग एकट्या नेडरलाच का धरता? पाम बीच काउंटीत मतपत्रिका अशी विचित्र छापलेली की तिथं ब्युकॅनन या उजव्या उमेदवाराला ३४०० च्या आसपास मतं पडली, त्यातली बरीच गोरला द्यायची होती असं म्हणतात. आणि गोर स्वतःच्या टेनेसी राज्यात हरले, तिथं ११ मतं होती, तेवढी मिळाली असती तर फ्लोरिडाचं नाव पण कुणी काढलं नसतं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, आणि आदल्या रविवारी तुमची बाजार आमटी खारट झाली होती ते कुणी बोलत नाही. खरंय. खारट झाली होती. मी तीन ग्लास पाणी प्यायलो होतो, म्हणजे जार संपेपर्यंत.

मग मी म्हणलं आपण आपलीच तपासणी करू. पावभाजीला रेघ मारणाऱ्या बाराही जणांना एकेकटं गाठून विचारलं, पावभाजी नसती तर काय केलं असतंस. सात जण म्हणाले आमटी, दोन म्हणाले पुरणपोळी, आणि तिघं म्हणाले रेघच मारली नसती, पार्क चौपाटीला गेलो असतो. म्हणजे आमटी २२, पोळी २१. एका मतानं आमटी आली असती! नेडरला हे दाखवल्यावर तो थोडा गप्प झाला. पण ते तिघं मला महत्त्वाचे वाटतात, कारण तिसऱ्याला वोटकटवा, म्हणजे मतं खाणारा, म्हणणाऱ्यांच्या हिशोबात हे तिघं कधीच नसतात. त्यांना वाटतं तिसरा उभा राहिला नसता तर त्याचा माणूस शहाण्यासारखा आपल्याकडं आला असता. तो घरी झोपला असता हे कुणी धरतच नाही.

१९९२ चं रॉस पेरो प्रकरण याच्यावरच अडलेलं आहे. टेक्सासचा अब्जाधीश, जुलैमध्ये माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परत आला, तरी देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं. डेमोक्रॅट क्लिंटन ४३ टक्क्यांवर निवडून आले, रिपब्लिकन थोरले बुश (२००० वाल्या बुशचे वडील) ३७. रिपब्लिकन लोक कित्येक वर्षं म्हणत राहिले पेरोनं आम्हाला बुडवलं, पण मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं तेव्हा पेरोवाले क्लिंटन आणि बुश यांच्यात जवळपास सारखेच वाटले गेले, आणि बाकीच्यांतले बरेच मतच देणार नव्हते. मतं भरपूर पण खाल्ली दोन्हीकडची सारखीच, मग नुकसान कुणाचं. आणि गंमत म्हणजे १९ टक्के मिळून इलेक्टोरल मत शून्य. त्याच्या आधी १९६८ ला जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मिळाली पण दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली म्हणून तिथली ४५ इलेक्टोरल मतं. भांडं तेच, डाळ सगळीकडं पातळ पसरली तर शून्य, एका जागी गोळा झाली तर ४५.

२०१६ ला ट्रम्प जिंकले तेव्हा परत तेच, ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइननी हिलरी क्लिंटनना पाडलं. मिशिगनमध्ये फरक १०,७०४ आणि स्टाइन ५१,४६३, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ ला ३१,०७२, पेन्सिल्व्हेनियात ४४,२९२ ला ४९,९४१. बघायला तिन्हीकडं मतं जास्त. पण हिलरींना तिन्ही राज्यं एकदम पाहिजे होती, दोन मिळून भागत नव्हतं, आणि पावतीवरचा हिशोब लावला तर मिशिगनला शंभरात २१ पुरतात, विस्कॉन्सिनला ७३-७४ आणि पेन्सिल्व्हेनियाला ८९ लागतात. वर लिबर्टेरियन नावाच्या पक्षाचे गॅरी जॉन्सन होते, त्यांना तिन्हीकडं स्टाइनपेक्षा कितीतरी जास्त मतं, त्यांची मतं कुणाची खाल्लेली म्हणायची? त्यांचं नाव कुणी घेत नाही कारण ते सोयीचं नाही.

सगळ्यात भारी उदाहरण गुरुजींनी दिलं, १९१२ चं. थिओडोर रूझवेल्ट आधी राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, त्यांनी स्वतःच्या हातानं टाफ्टना खुर्चीवर बसवलं, मग दोघांचं फाटलं, रिपब्लिकन पक्षानं तिकीट टाफ्टना दिलं तर रूझवेल्टनी नवीन पक्ष काढला. प्रचारात मिलवॉकीला त्यांच्या छातीत गोळी घातली, खिशातल्या भाषणाच्या जाड घडीमुळं वाचले, आणि दवाखान्यात न जाता आधी भाषण केलं. निकाल, डेमोक्रॅट विल्सन ४१.८ टक्के, रूझवेल्ट २७.४, टाफ्ट २३.२. इलेक्टोरल मतं ४३५, ८८ आणि ८. आता सांगा, खेळ कुणी बिघडवला? सगळे म्हणतात रूझवेल्टनी. पण रूझवेल्ट दुसरे आले हो, तिसरे टाफ्ट आले, चालू राष्ट्राध्यक्ष! यावर नेडर उठून उभाच राहिला, म्हणाला पुढच्या वेळी पावभाजीला पंधरा आणि आमटीला बारा पडली तर तुमच्या आमटीला वोटकटवा म्हणणार ना? कुणी उत्तर दिलं नाही. कोशिंबीर वाढायला सांगितली.

मधे एक आगाऊपणा पण झाला. एका गुरुवारी बोर्डावर बाजार आमटीच्या शेजारी कुणीतरी "बाजारची आमटी" असं चौथं नाव लिहून ठेवलं. गोडवाल्यांचं काम, अक्षरावरून सगळ्यांना कळलं. दोन नवीन पोरांनी तिथं रेघ मारली सुद्धा. हसू नका, २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते सुनील तटकरेंविरुद्ध २,११० मतांनी जिंकले आणि तटकरेंच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मतं पडली होती. त्याला म्हणतात मतं खाणं. विचारानं तिसरा उभा राहणं वेगळं आणि हे वेगळं, आपण दोघांना एकच शिवी देतो हा घोळ आहे. अक्कानं ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली आणि म्हणाली, आमटी एकच हाय, मीच करते.

तर उपाय. उपाय गुरुजींचा, आणि त्याला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याच राष्ट्रपतिपदाची निवडणूक. तिथं आमदार-खासदार नुसतं मत देत नाहीत, पसंतीक्रम लिहितात, १, २, ३. १९६९ ला झाकिर हुसेन गेल्यावर जी निवडणूक लागली त्यात पहिल्या पसंतीत, मतांचं मूल्य धरून, व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. हेच ते देशमुख ज्यांनी मुंबईसाठी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. जिंकायला ४,१८,१६९ पाहिजे होते, कुणालाच नाहीत. मग खालच्या उमेदवारांना एकेक करून बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली, शेवटी देशमुखांची. त्यात जास्त मतं रेड्डींकडं गेली, पण पुरली नाहीत, गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. पहिल्या मोजणीत ८८ हजारांच्या आसपास असलेला फरक साडेचौदा हजारांवर आला. गुरुजींचं म्हणणं, आता कुणी म्हणू शकतं का की चिंतामणरावांनी रेड्डींना पाडलं? त्यांच्या मतदारांना विचारलं ना, बाबांनो तुमचा माणूस नाही तर कोण, त्यांनी लिहून दिलं. अमेरिकेत मेन राज्यानं २०२० पासून राष्ट्राध्यक्षाच्या मतपत्रिकेवर हेच सुरू केलंय.

अक्काला दोन वाक्यांत कळलं. मला वाटलं होतं समजवायला आठवडा जाईल. म्हणाली, म्हणजे भाजी संपली तर दुसरी कुठली वाढू असं आधीच विचारून ठेवायचं, एवढंच ना, त्यात काय मोठं, मी रोज करते की.

पुढच्या शनिवारी रेघा बंद, चिठ्ठ्या. अक्कानं चष्मा लावला, तीन स्टीलची ताटं मांडली, एकेक चिठ्ठी उलगडून पहिल्या पसंतीच्या ताटात. पुरणपोळी १९, आमटी १६, पावभाजी ११. मग पावभाजीचं ताट उचललं आणि त्यातल्या चिठ्ठ्यांवरची दुसरी ओळ वाचत एकेक चिठ्ठी वाटली, सहा आमटीच्या ताटात, एक पोळीच्या, आणि चार चिठ्ठ्यांवर खाली काहीच नाही, नुसतं पावभाजी, एकावर तर पावभाजीचं चित्र. त्या चार बाजूला. आमटी २२, पोळी २०. गोडवाल्यांनी परत मोजायला लावलं, अक्कानं परत मोजलं, तेच आलं. आणि कुणी कुणाला जिन्यात धरलं नाही! नेडरनं त्या रविवारी आमटीत तीन भाकऱ्या खाल्ल्या, बरी झालीय म्हणाला.

पण लगेच ही पद्धत म्हणजे रामबाण असं समजू नका, मी पण तेच समजलो होतो. दोन आठवड्यांनी चार पदार्थ उभे राहिले, आमटी १७, पोळी १६, पावभाजी ७, धपाटे ६. धपाटे पहिल्याच फेरीत बाद. नंतर मी चिठ्ठ्या चाळल्या तर बाकीच्या ४० चिठ्ठ्यांतल्या ३१ वर दुसऱ्या नंबरला धपाटेच! धपाटे आणि आमटी अशी थेट लढत लावली असती तर धपाटे आरामात आले असते, पण पहिली पसंती कुणाची नाही म्हणून सगळ्यात आधी तेच गेले. फ्रान्समध्ये दोन फेऱ्यांची पद्धत असून २००२ ला डावी मतं इतक्या जणांत विखुरली की पंतप्रधान जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर पहिल्याच फेरीत बाद, आणि १६.८६ वाले कडवे उजवे ल पेन दुसऱ्या फेरीत, मग चालू राष्ट्राध्यक्ष शिराक ८२ टक्क्यांनी आले. उमेदवार १६ होते. आमच्या बोर्डावर अक्का चारच्या वर लिहू देत नाही, ते बरंच आहे.

माझं मत विचाराल तर अमेरिकेत एका मतानं राज्य मारणारा बोर्ड जोवर आहे तोवर तिसरा माणूस अधूनमधून खरंच खेळ बिघडवणार, फ्लोरिडात बिघडवला. पण ज्यांच्या हातात फडकं आणि पेन आहे ते दोन मोठे पक्ष बोर्ड बदलायचं बघत नाहीत आणि दर चार वर्षांनी पावभाजीवाल्याला जिन्यात धरतात. आमच्याकडं बदलायला एक शनिवार लागला. अर्थात आमच्याकडं अक्का आहे.

बाकी माहिती. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसात ते साडेनऊ, पण साडेआठच्या आत गेलात तर भात मोकळा मिळेल. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत खूप गर्दी, तेव्हा मेंबर सोडून कुणाला घेत नाहीत. रविवारची फीस्ट पाहुण्याला ९० रुपये, पण पाहुण्याला चिठ्ठी नाही, मी भावाला नेलं होतं तेव्हा त्यानं फार वाद घातला, अक्का ऐकत नाही. पार्सलला डबा आपला न्यायचा, पिशवीत रस्सा देत नाहीत, आणि आमटीचा डबा असेल तर झाकण घट्ट आहे का बघून घ्या, माझ्या गाडीच्या डिकीला अजून वास आहे.